बाटूर डोंगराचं संमतीपत्र

मुलुंड (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

चि. लवूस,

आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या बायकोची, सुहासची, साखर आटोक्यात आहे ना? सौरभची कंबर धरली होती म्हणे दिवाळीत, आता तरी मोटरसायकल सोडली का त्याने? तुझ्या सुनेला, निधीला, नवी नोकरी लागल्याचं कानावर आलं. तिचे डोळे फार दुखायचे, चष्म्याचा नंबर थांबला असला म्हणजे झालं. आणि तुझा नातू अनय? त्याला मी अजून बघितलेलं नाही, पण पहिलीतल्या पोरांचे दात पडायला लागतात, तेव्हा हिरड्यांना मध लावायला सांग. सगळ्यांचं विचारून झालं. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून विचारलं. मायेने विचारलं असं समजू नकोस.

आये गेल्याला आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितेय ती कामापुरती. फोन करणार नाही. तुमच्या घरात फोन करायची पद्धत नाही, हे मला आठ वर्षांपूर्वीच कळलं.

काम असं. आमच्या बागेतल्या सकाळी चालणाऱ्या बायकांचा गट मे महिन्यात बालीला निघालाय. तिथे बाटूर नावाचा ज्वालामुखी आहे. मेलेला नाही, जिवंत. रात्री दोनला उठवतात, कपाळाला बॅटरी बांधतात, वाटाड्या पुढे आणि आपण मागे. उजाडायच्या आत माथ्यावर पोचायचं, सूर्य वर येताना बघायचा, आणि डोंगराच्या भोकांतून वाफ येते तिच्यावर उकडलेली अंडी खायची. घाटकोपरचा हर्षद म्हणून एक जण आहे, तो नेतो. त्याचा नियम असा, की साठीच्या पुढच्या माणसासाठी जवळच्या नातेवाईकाने संमतीपत्रावर सही करायची. मला नवरा राहिला नाही, पोर झालं नाही. जवळचा म्हणून तूच उरलास, त्याला माझा इलाज नाही.

कागद सोबत आहे. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर. खाली नातं लिहायचं आहे. ‘भाऊ’ लिहिताना हात जड झाला तर होऊ दे, पण लिही. एकतीस मार्चच्या आत पाहिजे.

तुझी बहीण (कागदावर तरी),
रत्नप्रभा

—

मालाड (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. गुडघे आहेत तिथेच आहेत. सुहासची साखर एकशे साठ. सौरभची कंबर बरी, मोटरसायकल सोडलेली नाही. निधीचा नंबर थांबला. अनयचे दोन दात पडले, मधावाचून पडले. झालं समाधान?

कागद कोरा परत पाठवतोय. सही मिळणार नाही.

तुझं वय सहासष्ट. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. गणपतीत मखराला माळ लावताना स्टुलावरून खाली आलीस, ते मला कळलं नाही असं वाटतं का तुला? मुलुंडची बातमी मालाडला यायला व्हिसा लागत नाही. घरातल्या स्टुलावर जिचा तोल राहत नाही, ती अंधारात ज्वालामुखी चढणार!

मी बत्तीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत बॉयलर सांभाळला. वाफ तुला चहाच्या टोपापुरती माहीत. पांढरी दिसते ती वाफ नव्हेच ताई, ती गार होत आलेली असते. खरी वाफ डोळ्याला दिसत नाही. नुसता आवाज येतो, आणि मधे हात गेला की मग कळतं. आमच्या बॉयलरला प्रेशरचा काटा होता, शिट्टी होती, जास्त झालं तर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह होता. तुझ्या डोंगराला काटा कुठे बसवलाय, ते त्या हर्षदला विचार.

आणि एक. तुला लांब जायची एवढी हौस, पण आयेच्या वेळी मुलुंडहून मालाडला यायला दुपारचा एक वाजला. बाली मात्र तुला जवळ वाटते.

लवू

—

मुलुंड (पूर्व)
१ मार्च २०२५

लवू,

या वेळी कुणाची खुशाली विचारत नाही. ज्यांची विचारायची ते तुझ्या हाताखाली राहतात, त्यात त्यांचा काय दोष.

दुपारी एक वाजता का पोचले, हे तू मला विचारतोस? मला कुणी कळवलं? तू? माझी आये तुझ्या घरातून हॉस्पिटलात गेली, हॉस्पिटलातच गेली, आणि मला कळलं अकरा वाजता, तुमच्या शेजारणीकडून. मी डबे पोचवत होते, अंगावर पिठाचाच गाऊन. तशीच रिक्षात बसले. आले तर तुम्ही सगळे जाऊन आलेले. लादी पुसलेली, ओली. पणती लावलेली. मी उंबऱ्यात उभी, आणि तू मला काय म्हणालास? “पाय धुऊन आत ये.” बस, एवढंच. आयेचं तोंड बघू दिलं नाहीस. एक तास थांबला असतास तर तुझं काय जात होतं? त्याआधी आठवडाभर मी ओरडत होते, आयेला चार दिवस माझ्याकडे पाठव, माझ्याकडे पाठव. पाठवली नाहीस. त्यावरून आपण भांडलो, त्याचा सूड तू असा घेतलास. एक फोन नाही रे! वैऱ्यालासुद्धा करतात.

आता डोंगराचं. तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते. तुला सांभाळायला म्हणून मला दुसरीतून शाळा सोडायला लावली. पुढचं वाचन मी रद्दीवर केलं. पोळी-भाजी केंद्र चालवलं तेव्हा पोळ्या बांधायला जुने पेपर यायचे, ते बांधायच्या आधी वाचायची. अशाच एका कागदावर त्या डोंगराचा फोटो होता. काळ्या दगडांत एक बाई निवांत बसलेली, दगडांतून वाफ येतेय, वर अंडी ठेवलेली. शेगडी नाही, सिलिंडर नाही, फुंकणी नाही. मी तो कागद पोळ्यांना वापरला नाही. बावीस वर्षं पहाटे चारला उठून मी आग पेटवली लवू. मला एकदा अशा चुलीपुढे बसायचंय जी कुणा बाईला पेटवावी लागत नाही, आणि तिथे दुसऱ्याच्या हातचं खायचंय. एवढीच माझी मागणी आहे, आणि तीसुद्धा तुझ्या एका सहीवर अडकावी, हे माझं नशीब.

कागद परत पाठवतेय. वाकोल्याचा देवव्रत, आमच्या ह्यांचा पुतण्या, सही द्यायला तयार आहे. पण हर्षद म्हणतो, सख्खा भाऊ हयात असताना पुतण्या चालणार नाही. तू हयात आहेस ही एक अडचणच आहे.

रत्नप्रभा

—

मालाड (पूर्व)
१० मार्च २०२५

ताई,

मी हयात आहे, त्याबद्दल माफी.

घाटकोपरला जाऊन हर्षदला भेटून आलो. माणूस वाईट नाही, पण हसतो फार. त्याने मोबाइलवर त्या बाटूरची फिल्म दाखवली. वाट म्हणजे नुसती काळी खडी, पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. माथ्यावर धार, दोन्हीकडे उतार. वाफेची भोकं उघडी, आजूबाजूला ना दोरी ना पाटी, आणि लोक त्याच्यावर वाकून फोटो काढतात. अंडी उकडतात. ही काय भातुकली आहे? मी त्याला विचारलं, वाफेचं तापमान किती? म्हणाला, “काका, अंडं होतं एवढं.” अशा माणसाच्या भरवशावर तू निघालीस.

मी त्याला तुझी गोळी, तुझं स्टूल, तुझा उजवा पाय, सगळं सांगून आलो. तो म्हणाला, तपासून घेतो.

सही नाही. तुला माझी सही कशाला पाहिजे ते मला कळतं. तिथे काही बरंवाईट झालं तर मुलुंडभर सांगायला, की लवूने पाठवली.

कागद कोराच परत.

लवू

—

मुलुंड (पूर्व)
१७ मार्च २०२५

लवू,

माझी वाट लावायला तू घाटकोपरपर्यंत गेलास! आठ वर्षांत मुलुंडला यायला तुला रस्ता सापडला नाही. मालाडहून घाटकोपर म्हणजे अर्धी वाट झाली होती रे, पुढे पाच स्टेशनं. पण तिथून मागे फिरलास. गेलास तो माझी चुगली करायला.

हर्षदने मला ईसीजी काढायला लावला. काढला. सरळ आला, तुझ्यासारखा वाकडा नाही. मग म्हणाला, चढून दाखवा. तर गेल्या रविवारी त्याने आम्हाला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला नेलं आणि वरच्या टोकापर्यंत चढवलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान बायका खाली लिंबूपाणी पीत बसल्या, मी वर जाऊन आले. हर्षद म्हणाला, “मावशी, तुम्ही पास. आता फक्त कागद.” फक्त कागद!

मला एक सांग. तुझ्या हाताला झालंय काय? सुहास मागे एकदा बोलली होती, सौरभच्या शाळेच्या डायरीवरसुद्धा सही तीच करायची. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. हॉस्पिटलातून आयेला घाईघाईने हलवलीस, त्या कागदावर मात्र तुझा हात बरा चालला. आयेला न्यायला सही आहे, बहिणीला एक दिवस मोकळं सोडायला सही नाही. असला कसला रे तुझा हात!

कागद तिसऱ्यांदा पाठवतेय. पेन्सिलीची फुली आता पेनने गडद केलीय, दिसत नाही म्हणशील म्हणून.

रत्नप्रभा

—

मालाड (पूर्व)
२७ मार्च २०२५

ताई,

हाताचं विचारलंस. सांगतो, आणि मग पुन्हा मला लिहू नकोस.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आमच्या कंपनीत वाफेच्या पाइपवर काम करायचं असलं की आधी बॉयलरवाल्याने चिठ्ठीवर सही करून द्यायची: लाइन बंद आहे, लाइन गार आहे. तिला परमिट म्हणायचे. त्या दिवशी मी व्हॉल्व्ह बंद केला, पाइपला हात लावून बघितला आणि सही केली. अंबादास म्हणून फिटर होता, परमिट खिशात घालून शिडीवर चढला. पलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह आतून गळत होता. मला दिसलं नाही. कुणालाच दिसत नाही, मी तुला आधीच लिहिलं, खरी वाफ दिसत नाही. अंबादास नऊ दिवस जगला. चौकशी झाली, दोष माझा नाही असं कागदावर आलं. पण त्याच्या शर्टाच्या खिशात माझी सही होती ताई. भिजलेली, पण वाचता येत होती.

अपघात झाला होता एवढं तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. सही माझी होती हे सुहासशिवाय कुणाला माहीत नाही. तेव्हापासून स्वतःच्या नावापुढे मी सही करतो, दुसऱ्याच्या जिवावर करत नाही.

आता आयेचं. पहाटे चारला हॉस्पिटलात तिचं आतडं पोटात फुटलं. चार-वीसला डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करावं लागेल, तरीही सांगता येत नाही. जवळच्या माणसाची सही द्या. सुहास सुरतला भावाकडे, सौरभ रात्रपाळीला, फोन बंद. मी एकटा. समोर कागद, आणि मला त्यावर अंबादासचा खिसा दिसत होता. मी पेन घेतलं, ठेवलं, घेतलं, ठेवलं. मग तुला फोन केला. चार पस्तीसला, चार अडतीसला, चार चव्वेचाळीसला. म्हटलं, ताई म्हणाली ‘कर’ तर करीन. तू उचलला नाहीस. पाच वाजता मी सही केली. पाच-दहाला आये गेली. कागद तसाच राहिला.

थांबलो नाही ते याच्यासाठी. तू आली असतीस, तिच्या तोंडाकडे बघितलं असतंस, आणि मग माझ्याकडे. ते मला झेपलं नसतं. म्हणून उरकलं. आता तुला हवं ते बोलायला तू मोकळी.

पण आठ वर्षं ‘एक फोन नाही, एक फोन नाही’ म्हणून सगळ्या नातेवाइकांत तू माझी अब्रू घालवलीस. तीन फोन होते. ते तुझे तू बघ.

सही मिळणार नाही.

लवू

—

मुलुंड (पूर्व)
१२ एप्रिल २०२५

लवू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी अर्धं वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. दहा-अकरा दिवस त्या डब्यातलं पीठ काढलं नाही. पाकीट आणून पोळ्या केल्या. एकतीस मार्च आली आणि गेली. काल उरलेलं वाचलं.

आधी तुझं ऐक. चाळीस मिनिटं तू पेन घेऊन बसलास आणि माझी आये तिथे कळा काढत होती. हे मी विसरणार नाही. अंबादासचं वाईट वाटलं, फार वाटलं. मला आधी सांगितलं असतंस तर आपण रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. सांगितलं नाहीस. मोठी बहीण काय नुसती भांडायला होती?

आता माझं. फोन वाजला होता. पहाटेची वेळ, तव्यावर पोळी, हाताला पीठ. तुझं नाव बघितलं. आठवड्याचं भांडण डोक्यात होतं, म्हटलं, आला मोठा समजूत काढायला. फोन ओट्यावर पालथा घातला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याच्यावर फडकं टाकलं. तिसऱ्यांदा वाजला तो मी मोजलासुद्धा. दुपारी तुमच्या घरून परत आल्यावर ते तीनही पुसून टाकले, आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटले, एक फोन नाही, एक फोन नाही. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं. मी ‘कर’ म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं ना? लगेच म्हटलं असतं.

हे लिहिलं म्हणून तुझा गुन्हा धुतला गेला असं समजू नकोस. माझाही नाही.

तर मी ठरवलं, डोंगर नको. काल हर्षदला फोन केला, माझं नाव काढ बाबा, सही काही मिळत नाही. तर तो हसतोय. म्हणतो, “मावशी, तुमचं संमतीपत्र आता लागत नाही. नातेवाईक सोबत असला की सही लागत नाही, दोघांनी एकमेकांची जबाबदारी घ्यायची. ते काका तीस तारखेलाच येऊन स्वतःचं नाव घालून गेले.”

कोण काका?

तुला कुणी बोलावलं होतं? मी आयुष्यात एकदा एकटी कुठे तरी निघाले होते!

रत्नप्रभा

—

मालाड (पूर्व)
२२ एप्रिल २०२५

ताई,

बोलावलं कुणी नाही. तुझ्या नावाने सही करण्यापेक्षा तुझ्या मागून चढणं मला सोपं. सौरभने हौसेने काढून दिलेला पासपोर्ट कपाटात पडून होता, त्याला हवा लागेल.

काही गोष्टी आत्ताच ठरवून घे. विमानात मी तुझ्या शेजारी बसणार नाही. जेवणाच्या टेबलावर मला चपाती वाढू नकोस. बोलायचं असेल तर हर्षदमार्फत. वाफेच्या भोकापाशी मी सांगीन तिथे उभी राहायचं, तिथे तुझं मोठेपण चालणार नाही.

आमच्या बिल्डिंगचे अकरा मजले रोज दोनदा चढतोय. वॉचमनला वाटतं मला लिफ्टचा राग आलाय.

‘पालथा घातला’ वाचल्यावर दोन दिवस मी जेवलो नाही. सुहासने विचारलं, सांगितलं नाही. आठ वर्षं वाटत होतं, तू पोळ्यांच्या घाईत असशील, ऐकू आला नसेल. तूच बघून पालथा घातलास. राग आहे, आणि तो इथे ठेवून येणार नाही, सोबत घेऊन येणार आहे. हर्षद म्हणाला, सामान सात किलोच्या आत ठेवा. जमेलसं वाटत नाही.

लवू

—

मुलुंड (पूर्व)
१ जून २०२५

चि. लवूस,

गुडघ्याची सूज उतरली का? शेकतोयस का? सुहासला सांग, मिठाच्या पुरचुंडीने शेक, त्या निळ्या पिशवीत काही दम नाही.

आपण परत येऊन आठवडा झाला, पण विमानतळावर तू रिक्षात बसलास ते बसलास, वळून बघितलंस ते खड्ड्यामुळे की माझ्यासाठी, कळलं नाही. तेव्हा जे तिथे बोलले नाही ते लिहिते.

तिथे तू शब्द धरलास. पाच दिवस गप्प. बिचारा हर्षद मधे उभा: “मावशी, काकांना मीठ हवंय.” “काका, मावशी म्हणतात, हात आहेत ना तुम्हाला.” बागेतल्या बायकांची करमणूक झाली, दुसरं काय.

डोंगराच्या पायथ्याशी आपला वाटाड्या थांबला, तो कडेक नावाचा. तिथल्या छोट्या देवळीपुढे त्याने पानाच्या द्रोणात फुलं आणि भाताची चार शितं ठेवली. मला वाटलं, चला, इथेही आपल्यासारखंच. तू बूट काढलेस आणि गावच्यासारखं गाऱ्हाणं घातलंस, पुटपुटत, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला गेलं. “हिला सांभाळ” म्हणालास. नाव घेतलं नाहीस. पण तिथे दुसरी ‘ही’ कोण होती?

अर्ध्या वाटेवर तुझा गुडघा धरला. अंधार, खालून थंडी, वरून त्या काळ्या खडीचा घसारा. कडेकने वही काढली आणि हर्षदने समजावलं, नियम असा आहे, एक तर दोघंही खाली जायचं, नाहीतर मावशींनी सही करायची, की मी भावाला दुसऱ्या वाटाड्यासोबत इथे सोडून वर जाते. माझ्या हातात पेन दिलं. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड कागदावर पडला.

तुला वाटलं असेल, मी मुद्दाम लटकवून ठेवलं. तसं नव्हतं रे. माझा हात चालेना. मनात आलं, सही केली आणि मागे ह्याला काही झालं तर? ज्याला मी कधी बघितलं नाही तो अंबादास माझ्यासमोर उभा. तू चाळीस मिनिटं काय केलंस ते मला दोन मिनिटांत कळलं. आणि तू खाली दगडावर बसून, आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलंस, तेही गावच्या बोलीत: “कर गो सही. मी खंय पळान जातंय?”

केली. खाली नातं लिहायचं होतं. लिहिलं.

आता वरचं. तू तिथे नव्हतास म्हणून सांगते. पूर्वेला तांबडं फुटलं, तळ्यावर धुकं, पलीकडे मोठे डोंगर, सूर्य वर आला. सगळे टाळ्या वाजवत होते, बायका रडत होत्या. मला त्यातलं काही विचारू नकोस. मी बघितलाच नाही. मी सूर्याकडे पाठ करून उभी होते आणि खालच्या वाटेवर तुझी बॅटरी दिसते का ते बघत होते. एवढ्या लांब जाऊन, तुझ्यापायी! आधी दोन बॅटऱ्या होत्या, मग उजाडलं आणि त्याही दिसेनात. तेव्हा माझं काळीज कुठे होतं ते त्या डोंगरालाच ठाऊक.

सात वाजता तू त्या दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून वर आलास. मला बघून माणसाने काय म्हणावं? ओरडलास: “त्या भोकापासून लांब हो!” बायका घाबरून मागे सरल्या. मग तूच हात लांब धरून, आधी आवाज ऐकून, मला बसायची जागा दाखवलीस. कडेकने दगडात पुरलेली अंडी काढली. मी चूल पेटवली नव्हती, तवा घासला नव्हता. अंडं तू सोललंस, फुंकलंस, आणि हॉटेलातून उचलून आणलेली मिठाची पुडी खिशातून काढलीस. म्हणजे त्या दिवशी टेबलावर मीठ मागितलंस ते नुसतं मला छळायला!

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला केलं नसशील, आणि मी मागणारही नाही. आये आपल्या दोघांमुळे एकटी गेली, ते दोघांनी मिळून वाहायचं.

आता काम. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. वीस तारखेला ऑपरेशन. कागद सोबत आहे, नातेवाईकाची सही लागते. या वेळी मागून चढून चालणार नाही, टेबलावर मी एकटीच झोपणार. देवव्रतला विचारणार नाही. फुली मारलेली नाही, जागा तुझी तू शोध.

रत्नप्रभा

—

मालाड (पूर्व)
७ जून २०२५

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. गुडघा बरा. पुरचुंडीने शेकतोय, सुहास म्हणते तुझं खरं होतं.

पत्र आल्यापासून कागद टेबलावर होता. चार वेळा पेन उघडलं. डॉक्टरांना स्वतः जाऊन सतरा प्रश्न विचारले, तेही शेवटी हसायला लागले. सगळे हर्षदसारखेच. मग काल दुपारी, जेवून, हात धुऊन, बसलो. सही वेडीवाकडी आलीय, ‘भाऊ’मधला ‘ऊ’ कागदाबाहेर गेला. त्यावरून मला बोलू नकोस. कागद सोबत आहे.

वीस तारखेला सकाळी मी मुलुंडला येतोय. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. तू बाहेर आलीस की माझ्याशी भांडायला मोकळी, एका डोळ्याने का होईना.

रागवायचं अजून बरंच राहिलंय, तुझंही आणि माझंही. पण कागद पोचल्याबरोबर कळव. पत्राला चार दिवस लागतात, तोवर मला झोप लागायची नाही. नाहीतर असं करू, हे पत्र तुझ्या हातात पडल्यावर, बारा तारखेला पहाटे साडेचारला मी फोन करतो. तू तेव्हा उठलेली असतेसच. सुलटा ठेव.

तुझा,
लवू